मापसाहेबांची न चाललेली गाडी

मापसाहेबांचं खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर आहे. तिथंच ते सुखानं नांदो. गल्लीला ते मापसाहेब म्हणूनच माहीत. तेहतीस वर्षं त्यांनी वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढली. दुकानदारांचे तराजू, दूधवाल्यांची मापं, पेट्रोलपंपाचे आणि टॅक्सीचे मीटर तपासायचे, बरोबर निघाले की तारेत शिशाचा गोळा अडकवून पकडीनं दाबायचा, की झालं सील. ते बाजारात शिरले की भाजीवाल्यांची बोटं तराजूवरून आपोआप उचलली जायची आणि पंपावरचा माणूस कारण नसताना शर्टाची वरची गुंडी लावायचा. त्यांना लाच कुणी दिली नाही असं नाही. घेतली गेली नाही इतकंच.

त्यांच्या पत्नी शिवणकाम करायच्या. गिऱ्हाइकं त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, आपणही तेच म्हणू. म्हणजे नवराबायको दोघांचाही धंदा मापाचाच. फरक एवढाच, की साहेबांनी माप सांगितलं की समोरच्याला घाम फुटायचा, आणि बाई मात्र कंबरेचं माप मोठ्यानं सांगताना दोन बोटं कमी सांगायच्या, कापताना बरोबर कापायच्या. गिऱ्हाईक खूश, कपडा अंगाला बसतो, आणि कुणाचं काही बिघडत नाही. साहेबांना हे ऐकू आलं की ते पेपरच्या आडून घसा खाकरायचे.

आता गाडीकडे येऊ. एवढ्या काटेकोर माणसाला आयुष्यात एकच वेड लागलं, पण लागलं ते पुरतं लागलं. तिशीत असताना एका जहाजावरच्या डॉक्टरानं परदेशी जाताना आपली लाल, बुटकी, दोन माणसांची, कापडी टपाची स्पोर्ट्स गाडी विकायला काढली. साहेबांनी दोन वर्षं नवा कोट शिवला नाही, सायकल विकली आणि ती गाडी घेतली. घेण्याआधी मोजलेल्या एक किलोमीटरवर तीन वेळा चालवून तिचा मीटर तपासला. मीटर चोख. चार हजार दोनशे अठरा किलोमीटर. मग घरी आणून त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? डॅशबोर्डच्या मागे जिथं मीटरची केबल येऊन मिळते, तिथं तार गुंडाळली, शिशाचा गोळा अडकवला आणि खात्याच्या पकडीनं सील मारलं. स्वतःच्याच गाडीला!

"अहो, ही काय टॅक्सी आहे का?" बाईंनी तेव्हा विचारलं होतं. लग्नाला सहा महिने झाले होते.

"मीटर म्हटलं की सील आलं," साहेब म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी सकाळी नऊ वाजता तो सोहळा व्हायचा. साहेब गॅरेजचं दार उघडायचे, गाडी बाहेर काढायचे, बाईंना शेजारी बसवायचे आणि बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे. चार किलोमीटर. इतक्या हळू, की एकदा एक म्हातारबा काठी टेकत त्यांच्या पुढे निघून गेले आणि वळून म्हणाले, "या सावकाश." घरी आल्यावर साहेब मीटर बघायचे, समाधानानं मान हलवायचे आणि गाडीवर पांघरूण घालायचे. कुणी विचारलं, की एवढी पळणारी गाडी पळवत का नाही, तर त्यांचं ठरलेलं उत्तर: "चालवली की संपली. जपली तर राहील."

गाडीही शहाण्यासारखी राहिली. तेहतीस वर्षांत तिचे टायर तीनदा बदलावे लागले, तेव्हा साहेब जरा चक्रावले होते. पण चौकातल्या मिस्त्रीनं हात पुसत त्यांना समजावलं, "उभ्या गाडीचे टायर जास्त झिजतात, साहेब. एकाच जागी सगळा भार." साहेबांना ते शास्त्र इतकं पटलं, की पुढं ते ऑफिसात दुसऱ्यांना समजावत असत.

आणि मग साहेब निवृत्त झाले. इथून आपल्या गोष्टीला खरी सुरुवात होते, कारण निवृत्त नवरा घरात बसला की घराच्या भिंतींनाही तो दिसायला लागतो, तर बायकोला दिसल्याशिवाय कसा राहील? पण इथं उलटंच झालं. साहेबांनाच बायको दिसू लागली. आणि जी दिसली ती काही खुशीत दिसेना.

तशी चिडचिड नव्हती, भांडण नव्हतं. पण बाई आठवड्यातून एकदा, बहुधा बुधवारी, शिवता शिवता मशीन थांबवायच्या आणि गॅरेजच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. गाडीकडे बघायच्या, भिंतीकडे बघायच्या, एक उसासा टाकायच्या आणि परत यायच्या. साहेबांची धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. टेलिफोन ऑफिसात होती, लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती, आणि तिच्या जिभेला कुणी सील मारू शकलं नव्हतं. तीही बुधवारी यायची, वहिनीजवळ बसायची, आणि दोघी कपात चमचा ढवळत गप्प. नणंद-भावजय एका खोलीत आणि गप्प! साहेबांनी पेपरच्या आडून हे तीन वर्षं पाहिलं.

साहेब मापाचे पक्के, तर्काचेही पक्के. त्यांनी एकेक गोष्ट जुळवली. बाई तीस वर्षं जेवणाच्या टेबलावर शिवतायत. कात्री, टाचण्या, चिंध्या. रोज जेवायच्या वेळी सगळं उचलायचं, जेवण झालं की सगळं मांडायचं. घरात जादा खोली नाही. तळमजल्यावर मोकळी, उजेडाची, दोन खिडक्यांची एकच जागा: गॅरेज. तिथं काय आहे? गाडी. बाई दारात उभ्या राहून काय बघतात? भिंती. म्हणजे मशीन कुठं बसेल, टेबल कुठं लागेल, हेच मनात मोजत असणार. बोलत नाहीत, कारण नवऱ्याचा जीव गाडीत अडकलाय हे त्यांना ठाऊक आहे.

"काय माणूस आहे मी," साहेब स्वतःशी म्हणाले. "सवत आणून ठेवली घरात, आणि तिला सगळ्यात उजेडाची खोली दिली."

हे लक्षात आल्यापासून त्यांना झोप लागेना. गाडी ठेवावी तर बायकोचा उसासा, विकावी तर स्वतःचा. गुडघेही आता कुरकुरत होते. एवढ्या बुटक्या गाडीत बसायचं म्हणजे उतरताना हात धरायला माणूस लागे. तीन महिने त्यांनी मनात तराजू धरला. एका पारड्यात गाडी, दुसऱ्यात बाई. शेवटी बाईंचं पारडं खाली गेलं, आणि खरं सांगायचं तर त्याला तीन महिने लागले याचीच त्यांना लाज वाटली.

एका सकाळी चहा घेताना त्यांनी कप खाली ठेवला. "मी गाडी विकतोय."

बाईंच्या हातातली सुई थांबली. "का?"

"झालं आता. गुडघे साथ देत नाहीत."

बाईंनी सुईतला दोरा दातानं तोडला. मग म्हणाल्या, "तुमची गाडी. तुम्ही ठरवाल तसं."

साहेबांना वाटलं, बघा, किती सावरून बोलली; आनंद चेहऱ्यावर दिसू दिला नाही. आता या तर्काला काय म्हणावं? दुसऱ्याच्या तराजूतला गुंजभर फरक ओळखणारा माणूस, आणि दिव्याखाली हा असा अंधार.

गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला नाही. शहरातले एक दातांचे डॉक्टर जुन्या गाड्या जमवत. एवढी जुनी आणि एवढी कमी चाललेली गाडी आहे म्हटल्यावर ते रविवारी दहाच्या ठोक्याला हजर. गोरे, गुळगुळीत, हात सारखे धुतलेले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मीटर पाहिला, वाकून ते सील पाहिलं आणि त्यांना भरूनच आलं.

"दहा हजार सहाशे एक्केचाळीस! आणि वर सील! साहेब, तुम्ही मापखात्यातले ना? मग दुधात साखर. माझी एकच अट आहे. एका कागदावर तुमच्या हातानं लिहून द्या, की ही गाडी इतकीच चालली आहे. तुमची सही म्हणजे प्रश्नच मिटला. तुमचा आकडा मला मान्य."

सगळे बाहेरच्या खोलीत बसले. बहीणही आली होती. ती खिडकीशी बसून डॉक्टरांकडे असं बघत होती, जसं लोक दाढ काढायला आलेल्याकडे बघतात. बाईंनी चहा आणला.

"तुमच्याकडे किती गाड्या आहेत?" बाईंनी विचारलं.

"सात. ही आठवी. मोठा हॉल बांधलाय. आत थंडगार, धुळीचा कण नाही. चाकं जमिनीला टेकूच देत नाही, खाली स्टँड लावतो."

"आणि चालवता कधी?"

"छे छे!" डॉक्टर हसले. "चालवली की संपली."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. साहेबांनी चहाच्या कपात पाहिलं. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते इतकं बेचव कसं लागतं, हे त्यांना कळेना. पण शब्द दिला होता. त्यांनी चष्मा लावला, कागद ओढला आणि खात्यातल्या वळणदार अक्षरात लिहायला घेतलं: 'मी प्रमाणित करतो की...'

"अहो, जरा आत येता?" बाई म्हणाल्या.

"सही करून येतो."

"सहीच्या आधी या."

तो आवाज साहेबांनी तेहतीस वर्षांत दोनदाच ऐकला होता. एकदा बाईंचे वडील गेले तेव्हा, आणि एकदा स्वयंपाकघरात आग लागली तेव्हा. ते पेन हातात घेऊनच उठले. मागे बहिणीनं चटकन खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टर, बरे भेटलात. ही मागची दाढ बघा हो, थंड लागलं की कळ येते," आणि तिनं डॉक्टरांच्या तोंडासमोर आपलं तोंड उघडलं. पुढची वीस मिनिटं तिनं ते मिटलं नाही.

आत बाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. पदराच्या टोकाची त्यांनी इतकी बारीक घडी घातली होती, की इस्त्रीलाही जमली नसती.

"तो आकडा लिहू नका. खोटा आहे."

"कोणता आकडा?"

"मीटरचा."

साहेब आधी हसले. मग हसायचे थांबले. "सील आहे त्याला."

"सील तसंच आहे. तुमच्या सीलला मी बोट लावलेलं नाही, शप्पथ. पण केबलला दोन टोकं असतात. तुम्ही डॅशबोर्डाकडचं टोक बांधलंत. दुसरं खाली गियरबॉक्सला आहे. शेजारच्या सीटखालचं पायपुसणं उचललं की रबरी झाकण आहे. हातानं फिरवलं तरी सुटतं."

साहेब स्टुलावर बसले. बसले म्हणण्यापेक्षा स्टूल त्यांच्याखाली आलं.

"तुला गाडी चालवता येते?"

"माझे वडील ट्रकवर ड्रायव्हर होते. अठराव्या वर्षी मी ट्रक चालवत होते. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"मग कधी...?"

"बुधवारी. बुधवारी तुम्ही लांबच्या बाजारांच्या तपासणीला जायचात, दिवेलागणीला यायचात. वन्संची बुधवारची सुट्टी. दोन माणसांची गाडी, आम्ही दोघी. तलावापर्यंत जायचं, तिथं पाय सोडून बसायचं, परत यायचं." बाईंनी श्वास घेतला. "बावीस वर्षं."

"किल्ली?"

"दुसरी किल्ली तुम्हीच मला दिली होतीत. सांभाळून ठेव म्हणाला होतात. ठेवली."

"पेट्रोल? मी टाकीत काठी घालून बघायचो!"

"त्याच काठीवर मी खडूनं खूण करायचे. आलं की तेवढं परत भरायचं. चाकं वन्सं धुवायच्या."

"आणि टायर..." साहेबांना एकदम आठवलं. "त्या मिस्त्रीलाही माहीत आहे!"

"मिस्त्रीला, पंपवाल्याला, कोपऱ्यावरच्या वाण्याला," बाई खाली बघत म्हणाल्या. "वाणी तर तुम्ही लवकर येताना दिसलात की दुकानाबाहेर झाडू उलटा लावायचा."

साहेबांनी डोळे मिटले. सगळा बाजार ज्यांना चळाचळा कापायचा, त्यांच्याच घरात सगळ्या बाजारानं मिळून खोटं माप चालवलं होतं, आणि त्यांनीच त्याला सील मारलं होतं.

"रागावलात?"

"थांब." त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "केबल सोडल्यावर वेगाचा काटाही बंद पडतो. मग किती वेगानं चालवायचीस?"

बाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "काट्यावर शून्यच दिसायचा."

"आणि खरा?"

"वन्संचा रुमाल तीनदा उडून गेला."

बाहेरून "आ... आ..." असा बहिणीचा आवाज येत होता. साहेबांनी हातातल्या पेनाचं टोपण लावलं.

"मला सांग, गॅरेजच्या दारात उभी राहून काय बघायचीस? मला वाटलं, तुला शिवणाला खोली हवी."

"मला? खोली?" बाईंना खरंच नवल वाटलं. "टेबल काय वाईट आहे? तुम्ही घरी बसल्यापासून बुधवार गेले हो आमचे. तीन वर्षं झाली. गाडी समोर, किल्ली पेटीत, आणि तुम्ही पेपर घेऊन खुर्चीत. विकतो म्हणालात तेव्हा वाटलं, सगळं सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर तुमचा सीलवरचा विश्वास गेला असता. नुसती गाडी गेली तर गेली, म्हटलं. पण तुमच्या सहीनं खोटं जायला लागलं, ते नाही बघवलं."

साहेब उठले, बाहेर आले आणि डॉक्टरांना म्हणाले, "मला हे प्रमाणपत्र देता येणार नाही. आकडा चुकीचा आहे."

डॉक्टरांनी बहिणीच्या तोंडातून मान वर केली. "किती चुकीचा?"

"ते मोजल्याशिवाय सांगता यायचं नाही. पन्नास हजारांच्या वर असावा."

डॉक्टरांचा चेहरा असा झाला, की जणू सोन्याचा म्हणून घेतलेला दात पितळी निघाला. "पन्नास! म्हणजे चाललेली गाडी आहे ही!"

"चाललेली आहे," साहेब म्हणाले. आणि गंमत बघा, हे सांगताना त्यांची मान खाली गेली नाही. "बरीच चाललेली आहे."

"तरीही बघू. खरा आकडा कळवा, मग दुसरा भाव बोलू," असं म्हणून डॉक्टर हात धुऊन निघून गेले. जाताना बहिणीला सांगून गेले, की दाढ ठणठणीत आहे. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

दार लागल्यावर ती भावाकडे वळली. "दादा, बोल काय बोलायचं ते. पण वहिनीला बोलू नकोस, कल्पना माझी होती."

"तुला नंतर बघतो," साहेब म्हणाले. "आधी आकडा. तू शपथेवर सांग, दर बुधवारी तोच रस्ता?"

"तोच."

"मग एकदा केबल लावून तो रस्ता मोजू. त्याला बुधवारांनी गुणू. चूक दुरुस्त केल्याशिवाय मला घास जायचा नाही. विकायची की ठेवायची, ते खरं माप हातात आल्यावर ठरवू."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नणंदेनं भावजयीला कोपरानं ढोसलं. "जा, वहिनी. माझी सीट आज त्याला देते. पण बुधवारी परत हवी."

साहेबांनी जुनी पकड काढली आणि सीलची तार कापली. आता कशाला कापायची, असं बाई म्हणाल्या. साहेब म्हणाले, खोटं निघालेलं सील ठेवायचं नसतं, हा नियम आहे. मग सवयीनं ते गाडीच्या उजव्या दाराशी गेले. तिथं बाई आधीच उभ्या होत्या, किल्ली हातात. साहेब दोन क्षण थबकले, वळून डाव्या बाजूला आले आणि गुडघे दुमडून शेजारच्या सीटवर उतरले. दार ओढलं, लागेना.

"जरा उचलून ओढा. तसंच आहे ते."

तेहतीस वर्षांत त्या दारातून ते कधी बसलेच नव्हते. त्यांनी उचलून ओढलं, लागलं.

बाजाराच्या टोकापर्यंत बाई रविवारच्याच चालीनं गेल्या. वाण्यानं दोघांना पाहिलं आणि त्याच्या हातातला झाडू सुलटा, उलटा, परत सुलटा झाला. शेवटी त्यानं तो खाली टाकून नमस्कारच केला. साहेबांनी त्याच्याकडे बघून बोट हलवलं, पण जोर नव्हता त्यात.

टोकाशी आल्यावर साहेबांचा हात आपोआप परत वळायची खूण करायला उठला. बाईंनी गियर बदलला. आणि ती बुटकी लाल गाडी, जिला साहेबांनी एवढी वर्षं नुसतं रेंगाळत चालताना पाहिलं होतं, तिनं खालून असा काही आवाज काढला, की साहेबांनी दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली. घरं संपली. झाडांच्या रांगा सुरू झाल्या आणि लगेच मागेही पडल्या. वारा टोपीच्या खाली शिरला.

"अगं, टोपी!"

"धरा नाहीतर सोडा," बाई म्हणाल्या. रस्त्यावरची नजर त्यांनी हलवली नाही. वळणाआधी त्यांचा पाय उचलला जायचा, हात सहज फिरायचा, आणि गाडी वळणाला अशी चिकटून जायची, जसं मापात बसलेलं कापड. कुणी न शिकवता इतकं कुणाला येत नाही. साहेब आधी रस्त्याकडे बघत होते, मग बाईंच्या हाताकडे, आणि मग सरळ बाईंकडेच. कपाळावरचे पांढरे केस मागे उडत होते. दर रविवारी याच गाडीत शेजारी बसणारी, पर्स मांडीवर धरून समोर बघणारी ती बाई कोण होती, आणि ही कोण? टोपी कुठल्याशा पुलावर गेली. साहेबांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

तलावाशी गाडी थांबली. इंजिन बंद झाल्यावर इतकं शांत झालं, की काठावरची बदकं बोलतायत ते कळावं. बाईंनी नवऱ्याला हात देऊन बाहेर काढलं. दोघं काठावर बसले, जिथं बसायची दोघींची जागा होती. दगड बसून बसून गुळगुळीत झाला होता.

"मग?" बाईंनी विचारलं. आवाज हलका, पण बोटं पदराची घडी घालत होती. "किती भरलं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"अहो, मीटर. निघताना किती होता, आता किती आहे? डॉक्टरांना कळवायचंय ना?"

"निघताना बघितलाच नाही मी," साहेब म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. घासाघासाला मोजमाप करणारा हा माणूस, केसांचं घरटं करून, टोपीशिवाय, पाण्याकडे बघत बसला होता.

"मग आता हो?"

"आता काय. माप चुकलं तर परत घ्यावं लागतं." साहेबांनी पाय लांब सोडले. "बुधवारी तुझ्या वन्संची जागा आहे. मला गुरुवार दे."